दह्याच्या डब्यातलं मटण

मी वसई सोडली त्या दुपारी आईने माझी बॅग तीनदा उघडली आणि तीनदा बंद केली. पहिल्यांदा घरी कुटलेल्या बाटली मसाल्याची पिशवी नीट बांधली आहे का बघायला, दुसऱ्यांदा तिच्यावर आणखी एक पिशवी चढवायला. तिसऱ्यांदा का उघडली ते तिचं तिलाच सांगता येईना. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न देत होता. पप्पांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निरोपाचं बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी बॅग डिकीत ठेवली, कुलूप ओढून पाहिलं आणि म्हणाले, "जेसी, तिथे कोणी विचारल्याशिवाय सगळं सांगत बसू नकोस. आणि विचारलं तर खोटं बोलू नकोस."

'सगळं' म्हणजे काय, हे त्यांना फोडून सांगावं लागलं नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात मराठी, प्रार्थना मराठीत, भांडणंही मराठीत, आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की बरेचदा बड्याचं मटण, म्हणजे म्हशीचं. घरात त्याला आम्ही नुसतं मटणच म्हणायचो. रविवारचं उरलेलं मी सोमवारी कॉलेजच्या डब्यात कधी नेलं नाही. नेऊ नको असं कुणी बजावलं नव्हतं. ते आपोआप कळत होतं, जसं उन्हात कुठल्या बाजूने चालायचं ते कळतं.

हे मी माझ्या तिकडच्या माणसांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही.

शिकागोत दोन वर्षं शिकले आणि मग एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून बसने दहा मिनिटांवर दोन खोल्यांचं अपार्टमेंट मिळालं आणि रूममेट म्हणून मृणाल मिळाली. मृणाल नाशिकची, एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट. सोमवारचा उपास करायची, घरी अंडी, बाहेर चिकन-मटण सगळं खायची, आणि "यार" म्हटल्याशिवाय तिचं वाक्य संपायचं नाही. पहिल्याच आठवड्यात तिने मला तिची उशी दिली, कारण माझी म्हणे दगडासारखी होती.

त्या वर्षी गणपतीला ती मला मराठी मंडळात घेऊन गेली. तिथे एका काकूंनी माझं आडनाव विचारलं. मी "लोपीस" म्हटलं.

"लोपीस? अगं, मग मराठी इतकं छान कसं बोलतेस?"

मला हे नवीन नव्हतं. मी हसले. पण मृणालने हातातली प्लेट खाली ठेवली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही कसं बोलता? ती पण तसंच बोलते. वसईची आहे."

परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला रडू येत होतं. आणि त्याच बसमध्ये मी मनाशी ठरवलं की हिला काहीही झालं तरी कळू द्यायचं नाही.

कारण तोवर मी घरी बीफ करायला लागले होते.

लॅबमधल्या एका बाईने मला ते शिकवलं. साधी गोष्ट होती. फ्लँक स्टेकचा, म्हणजे पोटाकडच्या मांसाचा, तुकडा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायचा, म्हणजे पातळ कापता येतो. मांसाचे धागे जिकडे जातात त्यावर आडवी सुरी चालवायची. सोया सॉस, थोडं कॉर्नस्टार्च, आलं-लसूण लावून ठेवायचं. तोवर ब्रोकोली, गाजर, सिमला मिरची चिरायची. तवा धूर निघेपर्यंत तापवायचा, मांस पसरायचं आणि हलवायचं नाही. एक बाजू लाल झाली की परतून काढून घ्यायचं. मग भाज्या, मग सगळं एकत्र. मी शेवटी चिमूटभर बाटली मसाला घालायचे. वीस मिनिटांचं काम. आईच्या रविवारच्या रश्श्याशी त्याचं काही नातं नव्हतं, तरी पहिला घास घेतला तेव्हा खांदे आपोआप खाली आले. इतके दिवस ते वर होते हेच मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र खटकायची. तिकडे म्हशीचं होतं, इकडे गाईचं. त्या फरकाने मला काही वाटायला नको होतं, पण वाटायचं. नाशिकच्या मुलीच्या घरात गाईचं, असं वाटायचं.

माझी शिफ्ट पहाटे सुरू व्हायची, त्यामुळे तीनला मी घरी. मृणाल सातला यायची. वीस मिनिटं स्वयंपाकाची आणि पुढचा दीड तास पुसण्याचा. खिडक्या सताड उघड्या, बाहेर बर्फ असला तरी. एक्झॉस्ट चालू. तवा दोनदा घासायचा आणि माझ्या कपाटात, बुटांच्या मागे ठेवायचा. मांसाचा ट्रे तीन पिशव्यांत बांधून खाली कचऱ्यात. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर मी पिशवी पाठीमागे धरायचे, जणू तिच्यात काही चोरून नेते आहे. उरलेलं दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून फ्रीजमध्ये सगळ्यात मागे. दह्याचे डबे तुम्हाला माहीतच आहेत. इकडे आपल्यापैकी कुणाच्याच घरात ते फेकले जात नाहीत. एकात डाळ, एकात कोथिंबीर, एकात खरंच दही. एक आणखी असला तर कोण बघतंय?

दोन वर्षं कुणी बघितलं नाही.

मग एप्रिलमधल्या एका मंगळवारी मला लॅबमधून निघायला उशीर झाला. साडेसहाला दार उघडलं तर मृणाल ओट्याला टेकून उभी होती. ऑफिसातून लवकर आलेली, पायात अजून बूट, हातात चमचा. समोर दह्याचा डबा. रिकामा.

"सॉरी यार जेसी! कढी करायला दही शोधत होते, तर हे सापडलं. इतकी भूक लागली होती ना, थांबताच आलं नाही. काय भारी झालंय! मटण आहे ना?"

तिने विचारलं होतं. सरळ, साधं विचारलं होतं. आणि मला उत्तर सापडलं, कारण आमच्या घरात त्याला खरोखर तेच म्हणतात.

"हो," मी म्हटलं. "मटणच."

एकही अक्षर खोटं नव्हतं. आणि इतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

पुढचे तीन दिवस माझं काही खरं नव्हतं. लॅबमध्ये एक नमुना मी दोनदा तपासला आणि तरी लेबल तिसऱ्यांदा वाचलं. मृणाल शिंकली तरी माझं लक्ष जायचं. तिला काही होणार नव्हतं हे मला कळत होतं, तरी मी तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघत होते. दर तासाला ठरवायचे की सांगायचं, आणि दर तासाला ठरवायचे की नाही सांगायचं. न कळता खाल्लेलं कुणाच्या हिशोबी लागतं, खाणाऱ्याच्या की डबा भरणाऱ्याच्या? तिचा आदल्या दिवशीचा उपास वाया गेला का? उद्या तिने तिच्या देवापुढे हात जोडले तर माझ्यामुळे काही उणं होईल का? माझा त्यावर विश्वास असो-नसो, तिचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी ती आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. मी भाजी निवडत होते. ती म्हणाली, "अगं आई, जेसीने एक चायनीज स्टाइल मटण केलं होतं, तुला सांगते! तू आलीस ना मे महिन्यात, की बाबांच्या परवानगीने तुला चाखवते." आणि फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर तिच्या आईचा, म्हणजे काकूंचा, गोल चेहरा, कपाळावर चष्मा सरकवलेला. "काय गं जेसी, आमच्या मुलीला बिघडवलंस ना?" असं म्हणून त्या हसल्या.

कॉल संपेपर्यंत मी तीच जुडी पुन्हा निवडत राहिले. संपला तसं मी म्हटलं, "मृणाल, ते मटण नव्हतं. बीफ होतं."

तिने फोन हळूच ओट्यावर पालथा ठेवला. "म्हणजे?"

"आमच्या घरी आम्ही त्याला मटणच म्हणतो. पण तू काय विचारत होतीस ते मला कळलं होतं. कळूनसुद्धा मी हो म्हटलं."

ती बाथरूममध्ये गेली. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी दाराबाहेर उभी राहिले, मग वाटलं तिथे उभं राहायचाही मला अधिकार नाही, म्हणून खोलीत जाऊन बसले.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने स्वतःसाठी नवी ताटवाटी आणली, नवी कढई आणली आणि जुनी भांडी मुकाट्याने माझ्या बाजूला सरकवली. तिने कुणाला फोन करून सांगितलं असेल का, मंडळात कळलं असेल का, रविवारी कुणी भेटलं तर काय म्हणेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. बसमध्ये मराठी कानावर आलं तरी मी पुढच्या स्टॉपला उतरून चालत जायचे. दुसरं घर शोधायला लागले. आईने फोनवर विचारलं, "आवाज असा का गं?" मी सर्दी सांगितली. आणखी एक खोटं.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मृणाल चहाचे दोन कप घेऊन माझ्या दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"मला खाल्ल्याचा राग नाहीये," ती म्हणाली. "म्हणजे आहे. तो जाईल की नाही माहीत नाही. पण जास्त राग याचा आहे की दोन वर्षं तू बुटांच्या मागे तवा लपवत होतीस. मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

"घर सोडायला सांगितलं असतंस."

"मी तसं करणार नाही, एवढंही तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

तिने एक कप माझ्यासमोर ठेवला. चहावर साय धरली होती. मग म्हणाली, "खरं सांगू यार? मलाही माहीत नाही. कदाचित सांगितलंच असतं."

त्या वाक्याने मला जेवढं हलकं केलं तेवढं कुठल्याच माफीने केलं नसतं.

त्यानंतर आमचं पुन्हा पहिल्यासारखं झालं असं मी लिहिणार नाही. पहिल्यासारखं झालं नाही. तिने माझ्या हातचं मांसाहारी पुन्हा कधी खाल्लं नाही, साधं अंडंही नाही. फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा माझा ठरला. बीफ करायचं असेल त्या दिवशी मी तिला सकाळी मेसेज करायचे आणि ती जिमला जायची. पण तवा ओट्याखाली आला. पुढच्या जानेवारीत खिडक्या बंद राहिल्या.

त्याआधी, त्याच मे महिन्यात काकू येणार होत्या. मी मृणालला म्हटलं, महिनाभर मी दुसरीकडे राहते. ती म्हणाली, "कशाला? मी आईला सगळं सांगितलंय." काकू आल्या त्या दिवशी मी लॅबमध्ये उगाच जास्त वेळ काढला. घरी आले तर त्या स्वयंपाकघरात, चष्मा कपाळावर, फ्रीज उघडून उभ्या.

"आलीस? ये बाई," त्या म्हणाल्या. "तुझे डबे कुठले ते मला आधी दाखव. मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही आणि चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही."

मी त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं. मग खालचा कप्पा दाखवला. त्यांनी मान डोलावली, दार बंद केलं आणि हात स्वच्छ धुतले. महिनाभर त्यांनी माझ्या भांड्यांना हात लावला नाही. पण रोज संध्याकाळचा चहा त्यांना माझ्याच हातचा लागायचा. "मृणालला आलं किती घालायचं ते कळत नाही," म्हणायच्या.

याला आता सहा वर्षं झाली. मृणाल लग्न करून व्हर्जिनियाला, अ‍ॅशबर्नला गेली. आम्ही वाढदिवसाला बोलतो, कधी मध्येही. मी अजून शिकागोतच आहे, एकटी, स्वतःच्या छोट्या फ्लॅटमध्ये. दर बुधवारी ब्रोकोली चिरते, तवा तापवते. कुणापासून लपवायचं नाही, तरी शेजारच्या दाराचा आवाज आला की हात क्षणभर थांबतो. सवय जात नाही.

गेल्या महिन्यात पप्पांना विचारलं, रविवारी काय केलं होतं? आमचं वाडीतलं घर विकून ते दोघं आता सोसायटीत राहतात. पप्पा म्हणाले, "केलं होतं. खिडक्या लावून घेतल्या. समोरची माणसं नवीन आहेत ना. आईला भीती वाटते, कुणी काही म्हणेल."

इतकी वर्षं ज्या गावाने त्यांना 'सर' म्हटलं, त्या गावात खिडक्या लावून घ्यायच्या. मला म्हणावंसं वाटलं, पप्पा, समोरच्यांना सांगून टाका. पण मी इथून असं म्हणणं सोपं आहे. तिथे काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्यांनाही नाही.

"समोर कोण असतं?" मी विचारलं.

"नवरा-बायको. मुलगा अमेरिकेत असतो म्हणे."

"मग एकदा चहाला बोलवा त्यांना."

"बघू," पप्पा म्हणाले. पाठीमागून आईचा आवाज आला, "काय म्हणते ती?" त्यांनी तिला सांगितलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन येण्याची वेळ झाली की मला बसवत नाही. कुणी विचारतं, घरी कधी जाणार? पूर्वी मी विमानाची तारीख सांगायचे. आता उत्तर द्यायला वेळ लागतो. माझ्यासाठी घर म्हणजे जिथे माझं सांगून झालेलं आहे ती जागा, मग समोरचं माणूस ताटाला हात लावो न लावो. असं एक घर मला परक्या देशात नाशिकच्या मुलीमुळे मिळालं. वसईत, माझ्या आईवडिलांच्या दारासमोर, ते अजून व्हायचं आहे.