सात बटा तीस: एका विधवेच्या शोधात अकोला-अमरावती

त्या वर्षांत पेपर उघडला की वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या असायच्या, आणि पुण्यातल्या आम्हा चित्रं जमवणाऱ्यांच्या भिंतींवरही वऱ्हाडच लागलं होतं. माझ्याकडे ‘पांढरं कपाळ’ होतं: तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, कुंकू नसलेल्या बाईचा चेहरा. तीसच प्रती, मग पत्रा बाद. माझी सातवी. खाली पेन्सिलीने ७/३०, चित्राचं नाव आणि मुंबईच्या चित्रकाराची सही.

चित्रांची किंमत ठरवणारे एक गृहस्थ म्हणाले, "त्या विधवेबरोबर तुमचा फोटो मिळाला, तर भाव दुप्पट." झालं! माझ्या दातांच्या दवाखान्याला तीन दिवस कुलूप लावलं आणि चित्र काखोटीला मारून निघाले. माहितीपत्रकात ‘अकोल्याची शेतकरी विधवा’ एवढाच पत्ता होता.

जाणाऱ्यांसाठी सूचना: पुण्याहून अकोल्याला थेट गाडी आहे, पण काचेची फ्रेम वरच्या बर्थवर ठेवू नका. माझी भुसावळच्या आधीच तडकली. त्यामुळे अकोल्यात उतरून आधी कढीत बुडवलेला आलूबोंडा खाल्ला आणि मग फ्रेमवाला शोधला.

दुकानदार रऊफचाचांनी चित्र फ्रेममधून सोडवलं, उजेडात धरलं आणि हसले.

"ही तं वच्छलाबाई! अमरावतीले राजापेठेत फुलं इकते. माह्या पोरीच्या लग्नाचे सेहरे हिनंच गुंफले."

"विधवा आहेत ना?" मी आशेने विचारलं.

चाचा तडकलेली काच उचलायला लागले. "तुमी जाऊनच या, मॅडम."

नवी काच बसेपर्यंत धीर कुठला! चित्र पुठ्ठ्यात बांधून एसटीने मूर्तिजापूरमार्गे अमरावती गाठली. अडीच-तीन तास, दोन्हीकडे कपाशी. मी मात्र फोटोचा विचार करत होते. त्यासाठी फिकी सुती साडी मुद्दाम आणली होती, दुःखाला शोभेल अशी.

राजापेठेत शिकवण्यांच्या पाट्या आणि स्कूटरींच्या गर्दीत दुकान सापडलं. वच्छलाबाई शेवंतीचा हार ओवत होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शेजारी एक मिशीवाला माणूस झेंडू तोलत होता.

मी पुठ्ठा उघडला. बाई हरखल्या. "अवो, पाहा ना! माहं चित्र!"

मिशीवाल्याने वाकून खालचं नाव मोठ्याने वाचलं. मग पुन्हा, सावकाश. "पांढरं कपाळ? मंग मी कोन हाये?"

ते देवीदास, त्यांचे यजमान. चित्रकार आला तेव्हा त्यांनीच त्याला स्टूल दिलं होतं, चहा पाजला होता.

"घाम पुसला तं कुंकू गेलं," बाई म्हणाल्या. "त्यानं इचारलंबी नाई. किती छापले असे?"

"तीस."

"म्हंजे तीस घरात हे मेले."

देवीदास हसायला गेले, पण जमलं नाही. "माह्या मायनं पाह्यलं असतं तं?"

"कलेत असं चालतं," मी म्हणाले. त्या वाक्याची लाज अजून वाटते.

बाईंनी गल्ल्याजवळची कुंकवाची डबी उघडली. मी "हात नका लावू!" म्हणेपर्यंत अंगठा कागदावर टेकलाही. बरोबर कपाळाच्या मधोमध, लालभडक.

"आता न्या," त्या म्हणाल्या.

फोटो मागायची हिंमत झाली नाही. देवीदासांनी दह्यातला गिला वडा मागवला, पैसे देऊ दिले नाहीत. तुम्ही गेलात तर जरूर खा. मी अर्धाच टाकून उठले.

पुण्यात ते किंमत ठरवणारे गृहस्थ कुंकू पाहून किंचाळले, "मातीमोल!" मग हकिकत ऐकली आणि त्यांचे डोळे चमकले. "खुद्द त्या बाईचा अंगठा? मग हे तिसांतलं राहिलंच नाही, एकमेव झालं! हकिकत लिहून द्या. फक्त नवरा वगळा."

मी चित्र उचलून घरी आले आणि मागे पेन्सिलीने लिहिलं: ‘वच्छलाबाईंचे यजमान देवीदास हयात आहेत. राजापेठेत फुलांचा धंदा करतात.’ उरलेल्या एकोणतीस मालकांपैकी चौघी माझ्या ओळखीच्या. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. तिघींनी विचारलं, आता भाव पडेल का?

चौथीने भावाचं नाव काढलं नाही. म्हणाली, "वय किती असेल गं त्या यजमानांचं?"

मी फोन ठेवला. तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. कारण चित्राचं नाव खरं ठरायला किती वर्षं लागतील हे तिला विचारायचं होतं, ते मला एका क्षणात कळलं होतं.