एका नावाची तीन पानं

मी जात्याच उतावळा. दूध तापेपर्यंत गॅसजवळ उभं राहणं मला जमत नाही. तो मी वर्षभर एकाच कामाला चिकटून होतो, याचं बायकोला फार नवल. नोकरी सिल्वासातल्या एका सुताच्या कारखान्यात, संगणक विभागात. पण सकाळी कंपनीची बस येण्याआधी आणि रविवारी दिवसभर मी विकीचं काम करायचो. विकी म्हणजे कुणीही पान लिहावं आणि कुणीही सुधारावं, असं संकेतस्थळ. ते चालवणारं आमचं सॉफ्टवेअर खुलं आहे. देशोदेशीचे हौशी लोक मिळून ते फुकट घडवतात. त्यातली पानांची मांडणी नव्याने करायचं मी हौसेने अंगावर घेतलं होतं.

जुन्या मांडणीत एक पान एकाच विभागात बसायचं. दोन ठिकाणी हवं असेल, तर नक्कल करा. बायको मराठी शाळेत शिकवते. तिच्या शाळेचा विकी मीच बसवून दिलेला, त्यामुळे हा पसारा रोज डोळ्यांसमोर. ती धडे इयत्तेप्रमाणे लावत नाही, गावाप्रमाणे लावते. दादरा, रांधा, वासोणा. मुलं जिथून येतात ती गावं. आणि तिन्हीकडे 'अपूर्णांक' नावाचं पान! ते बघितलं की मला चैन पडायचं नाही. एकच पान तिन्हीकडे दिसलं, तर काय बिघडलं? त्यासाठीच तर मी झटत होतो.

दर महिन्याला प्रकल्पातल्या लोकांना प्रगती कळवायची असते. मी तोऱ्यात लिहिलं, एकाच नावाची पानं आपोआप एकत्र करणारी सोय तयार आहे, शुक्रवारी देतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नीट तपासायच्या आधीच शब्द देऊन बसलो. मग रविवारी ती सोय शाळेच्या विकीवर चालवून पाहिली. सगळं कसं लख्ख आवरलेलं दिसलं. म्हटलं, उद्या तिला दिसेलच.

सोमवारी संध्याकाळी कामावरून आलो, तर ती दारातच उभी.

"अहो, सिंहाचं काय केलंत?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. वर्गात पडद्यावर वासोण्याचं पान उघडलं, तर त्यात दादऱ्याच्या तळ्यातल्या होड्या. वासोण्याच्या मुलांना ती तिथल्या सफारीतल्या सिंहाला घालायच्या मांसाचे वाटे करून पाव आणि अर्धा शिकवते. रांध्याच्या मुलांना भाताच्या खाचरावरून. होड्या पाहून वासोण्याची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमचा सिंह कुठं गेला?" आणि मग तास संपेपर्यंत तिने फळ्याकडे बघितलंच नाही.

नाव एक असलं, तरी आतले धडे तीन होते. माझ्या सोयीने सगळ्यात शेवटी लिहिलेला तेवढा ठेवला आणि बाकीचे दोन बाजूला सारले.

"अगं, सापडतील. जुन्या आवृत्त्या कुठे जात नाहीत," मी म्हणालो. सापडलेही. पण माझ्या जिवाची तगमग थांबेना. शुक्रवार डोक्यावर आलेला. वाटलं, तिच्यापुरतं निस्तरावं आणि सोय आहे तशी देऊन टाकावी. वर्षभराच्या कामाचं चीज होईल, चार लोकांत नाव होईल. गावाप्रमाणे धडे लावणाऱ्या बाई जगात अशा असून असून किती असणार? खोलीत येरझाऱ्या घालत मी हे तिला बोलूनही दाखवलं.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही माझे यजमान, म्हणून मला दारात अडवता आलं. दुसरीकडच्या बाईने कुणाला अडवायचं?"

मी येरझाऱ्या थांबवून संगणक उघडला. खूप राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. प्रकल्पातल्या लोकांना मी त्याच रात्री एवढंच लिहिलं: शुक्रवारी काही देत नाही, सोय मागे घेतली आहे.