स्टँडवरून डाव्या हाताला काय लागतं?

संशयी माणसं जगात पुष्कळ असतील, पण अनोळखी माणसाचं आधार कार्ड उन्हात धरून त्यावरचा फोटो हसतोय की नाही हे पाहणारा आणि हसत असेल तर जास्तच संशय घेणारा माणूस मी एकच पाहिला. माझं भाग्य असं की तो माझा स्थानिक पालक आहे. म्हणजे नेरूळच्या कॉलेजात मला वसतिगृह मिळालं तेव्हा फॉर्मवर 'स्थानिक पालक' नावाचा एक रकाना होता, आणि त्यात सही करायला या शहरात मला दुसरं कुणीच नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेजचा फॉर्म भरणारा मी पहिलाच, त्यामुळे असा पालक बरोबर आणावा लागतो हे सांगणारंही कुणी नव्हतं. तो फॉर्म भरून आता अकरा वर्षं झाली, त्याची मुदत संपली, मी पदवी घेऊन नोकरीला लागलो, पण या काकांनी पद सोडलेलं नाही.

काकांनी अठ्ठावीस वर्षं घाऊक बाजाराच्या गेटवर गाड्यांचे कागद तपासले. ड्रायव्हर सांगेल ते गाव आणि गोणीला लागलेली माती जुळली नाही, तर गाडी बाजूला. निवृत्तीनंतर गाड्या यायच्या थांबल्या, तपासणी थांबली नाही. मग मुलीने त्यांच्या मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं ॲप टाकून दिलं आणि नवी मुंबईतल्या निरपराध जनतेवर संकट ओढवलं. खारघरच्या एका मुलीकडून मिक्सर घ्यायचा होता, तर काकांनी तिला त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून मिक्सरसह फोटो पाठवायला सांगितलं. तिने पाठवला. "तारखेवर अंगठा आलाय," असं म्हणून काकांनी दुसरा मागवला. एकाने प्रोफाइलला गुलाबाचं फूल लावलं होतं, त्याला काकांनी कळवलं, "फुलाशी मी व्यवहार करत नाही." मोबाइलमध्ये या सगळ्यांची नोंद असते: 'मिक्सर खारघर (तपास चालू)', 'कपाट सानपाडा (तपास चालू)'. तपास पूर्ण झाल्याची नोंद माझ्या पाहण्यात नव्हती.

मात्र कागदांवर त्यांचा खरा विश्वास नाहीच. त्यांचं खरं हत्यार म्हणजे एक प्रश्न. गाव विचारायचं, आणि सांगितलं रे सांगितलं की, "तिथल्या स्टँडवरून डाव्या हाताला काय लागतं?" काकांनी विकायला काढलेलं कपाट बघायला आलेल्या एका इंजिनिअरने बिचाऱ्याने, काका साताऱ्याचे हे कळल्यावर, घरोब्यापोटी सांगितलं, "आम्ही पण साताऱ्याकडचेच, कोरेगावचे."

"मग सांगा, स्टँडवरून डाव्या हाताला काय लागतं?"

"काका, माझा जन्म वाशीचा."

"मग वाशी सांगायचं. कोरेगाव वडिलांचं, ते तुम्ही कशाला वापरता?"

कपाट अजून काकांच्याच घरी आहे.

तेच कपाट घ्यायला निघालेला, सैन्यात असल्याचं सांगणारा एक गडी मात्र भलता तयारीचा निघाला. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं मागायच्या आत हजर. काकांच्या प्रश्नाला त्याने क्षणात उत्तर दिलं, "महाराजांचा पुतळा." आता हे उत्तर महाराष्ट्रात कुठल्याही स्टँडला चालतं, म्हणून काका पेचात पडले. तेवढ्यात गड्याने क्यूआर कोड पाठवला आणि वर लिहिलं, 'पैसे घेण्यासाठी स्कॅन करा.' काकांनी त्याला फोन लावला. "बाळा, देवळात प्रसाद घेताना आपण खिशात हात घालतो का? घेणाऱ्याने हात पुढे करायचा, पाकीट नाही." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मला आधीच कळलं होतं. खऱ्या माणसाला एवढी पटापट उत्तरं येत नसतात. खरा माणूस अडखळतो."

हा सिद्धान्त मला मान्य करावाच लागतो, कारण त्याचा पहिला लाभार्थी मी. फॉर्म घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा गावाकडच्या कुणीतरी दिलेली चिठ्ठी त्यांनी न वाचताच बाजूला ठेवली आणि प्रश्न टाकला. घाबरून मला काहीच आठवेना. "डाव्या हाताला... भिंत," मी म्हणालो. काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर. भिंतच आहे. खोटा असता तर हॉटेल म्हणाला असता." आणि सही केली. त्या एका भिंतीवर माझी पदवी उभी आहे.

मागल्या वर्षी काकू न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण पुढे चार महिने त्या खिडकीच्या पलीकडे गेल्या नाहीत. त्यातच साताऱ्याला त्यांच्या लाडक्या भाचीचं लग्न ठरलं. लहानपणापासून काकूंनीच वाढवलेली ती. डॉक्टर म्हणाले, व्हीलचेअर असेल तर खुशाल जा. दुकानातली खुर्ची काही काकांच्या न्हाणीच्या दारातून जाईना, आणि लग्नानंतर ती घरातही लागणारच होती. शेवटी ॲपवर एक अरुंद, घडीची खुर्ची सापडली, नावड्याला. लग्न रविवारी, आणि हा होता गुरुवार. काकांनी विकणाऱ्याकडे आधार कार्ड, विजेचं बिल आणि खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो मागितले. पलीकडच्या माणसाने काकांना ब्लॉक केलं.

"आता नवरदेवाचं बी आधार मागा," काकू आतून म्हणाल्या. "आन त्यो आंतरपाटाआड उभा राहिला की इचारा, स्टँडवरनं डाव्या हाताला काय लागतं." मग त्यांचा आवाज बदलला. "मी न गेल्यानं लग्न काय अडत न्हाय म्हणा." काका पेपर उलटा धरून वाचत राहिले.

मी माझ्या फोनवरून त्या माणसाला विनंती केली. उत्तर आलं, 'या. पण तो आधारवाला म्हातारा नको.' पण खात्री न करता घरात आणलेली खुर्ची काकांनी जन्मभर चोरीची म्हटली असती. तेव्हा मित्राची गाडी घेतली आणि काकांना 'माझ्या ओळखीचे एक गृहस्थ' म्हणून बरोबर घेतलं. तोंड उघडायचं नाही या अटीवर. जगाची ओळख पटवत फिरणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची ओळख लपवून निघाला होता, आणि मांडीवर कागदपत्रांची फाइल घेऊन.

नावड्याच्या कॉलनीत तळमजल्यावर एक वृद्ध चाचा एकटेच राहत होते. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. खुर्ची त्यांच्या बायकोची. ती चार महिन्यांपूर्वी गेली. त्यांनी चहा ठेवला. काका दोन मिनिटं गप्प बसले, आणि हा त्यांचा विक्रम आहे. मग त्यांना राहवेना.

"आपलं मूळ गाव?"

"श्रीवर्धन."

"श्रीवर्धनला स्टँडवरून डाव्या हाताला..."

चाचांनी कप खाली ठेवला. "आधारवाले तुमीच ना?"

ओळख पटली होती. मी दाराकडे बघू लागलो.

"बसा," चाचा म्हणाले. "आता मी इचारतो. खुर्ची कोनाला पायजे?"

"मंडळींना."

"भंगारवाले पन तेच सांगतात. दोगे येऊन गेले." चाचा पुढे झुकले. "तुमच्या मंडळी उठताना कंच्या हातावर जोर देतात?"

काकांनी सवयीने फाइल उघडली आणि आधार कार्ड पुढे केलं.

"ते नको. हात सांगा."

"डावा," काका म्हणाले. "नाही... सकाळी डावा. संध्याकाळी ती दमते, मग... मग माझा खांदा धरते. उजवा. म्हणजे माझा उजवा, तिचा डावाच झाला, नाही का?" आणि सगळं अगदीच अवघड व्हायला लागलं तेव्हा ते उठले, त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले आणि काकू कशा उठतात ते करून दाखवू लागले. कण्हणं, दात-ओठ खाणं, अर्ध्यात थांबून 'आवं, धरा की' म्हणणं, सगळं. माझ्या स्थानिक पालकांचा एवढा अडखळलेला अवतार मी कधी पाहिला नव्हता.

चाचा बराच वेळ बघत होते. "न्या," ते म्हणाले. "डावा ब्रेक कडक हाय, तेल घाला. आमची उजव्या हातावर उठायची. डाव्या ब्रेकला कदी हातच नाय लागला तिचा, म्हनून गंजलाय." मग दारापर्यंत येऊन म्हणाले, "लग्नाचा फोटो पाठवा. खुर्ची खरंच लग्नाला गेली, माझी खात्री झाली पायजे."

काकांनी ना पावती मागितली, ना बिल. घरी येऊन संध्याकाळभर त्या ब्रेकला तेल देत बसले.

रविवारी साताऱ्याला अक्षता पडल्यावर भाची सगळ्यांच्या आधी काकूंच्या पाया पडली. लोक डोळे पुसत होते, आणि काका फोटो काढत होते. त्या फोटोत काकू पैठणी नेसून खुर्चीत बसल्या आहेत, चेहऱ्यावर संताप आहे आणि हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र. तारखेवर अंगठा नाही. तो मी माझ्या फोनवरून चाचांना पाठवला, आणि थोड्या वेळाने नावड्याहून उत्तर आलं, 'पटली खात्री.'

काकांनी चाचांचा नंबर जपून ठेवायला आपला फोन माझ्याकडे दिला. "लिही. खुर्ची नावडे. कंसात लिही, ओळखीचे." मी लिहिलं. मग सहज माझं नाव शोधलं, तर सापडेना. नंबर टाकून पाहिला तेव्हा कळलं की अकरा वर्षं मी या फोनमध्ये 'भिंत (तपास चालू)' या नावाने आहे.

बदलून घ्यावं असं क्षणभर मनात आलं. पण तपास चालू आहे म्हणूनच तर दर रविवारी मला फोन येतो, जेवलास का, कुठे आहेस, आवाज असा का येतोय. फोन मी तसाच परत दिला. तो तपास संपण्याची मला घाई नाही.