एक खुर्ची, दोन पट

डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं, पट न बघता बुद्धिबळ खेळणारे जगातले पहिल्या रांगेतले ग्रँडमास्टर मी अगदी जवळून पाहिले आहेत. म्हणजे टीव्हीवर. पण आमच्या अक्कांचा टीव्ही एवढा अवाढव्य आहे, की त्यावर पाहिलेल्या माणसाशी आपली ओळख झाली असंच धरून चालावं. ग्रँडमास्टरनं कपाळ पुसलं की पुढच्या खुर्चीत बसलेल्या माझ्या चष्म्यावर दव जमतं.

दर शनिवारी सकाळी बनशंकरीत अक्कांच्या हॉलमध्ये आमचं बुद्धिबळ मंडळ भरतं. अक्का म्हणजे तीन पिढ्या इथं मुरलेल्या मराठी घरातल्या, वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये उतरवणाऱ्या. खेळ त्यांना नियमांपुरता येतो, पण मंडळाच्या अध्यक्ष, चिटणीस आणि पंच त्याच, कारण कॉफी त्यांची. कॉफी संपली की बाकीची मंडळी पांगतात. उरतो आम्ही दोघं. एक मी, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला, जे. पी. नगरात राहणारा इंजिनियर. दुसरे अण्णा, निपाणीकडचे, आयुष्यभर बँकेत काढलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. माझी बायको म्हणते की मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीला चारानं भागावं. हा अन्याय आहे. तीन पुरे होतात.

त्या आठवड्यात परदेशातली एक मोठी स्पर्धा चालू होती. एक डाव झटपट, म्हणजे रॅपिड, आणि एक डाव ब्लाइंडफोल्ड. त्या दुसऱ्या प्रकारात खेळाडूसमोर पडदा असतो, पडद्यावर रिकामी चौसष्ट घरं असतात, आणि सोंगट्या ज्याच्या त्याच्या डोक्यात. घर चुकलं की संपलं.

"यात काय एवढं?" मी म्हणालो. "कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी डोळे बांधून सहा जणांशी एकदम खेळायचो. एका हातानं लेथ चालवत."

"लेथ पण डोळे बांधूनच?" अण्णा म्हणाले. "बोटं दहा आहेत काय बघू अजून. मोज."

"सहा जण होते, अण्णा. देवाशप्पथ."

"मागच्या शनिवारी चार होते की. आठवड्यात दोघं नवीन भरती झाले काय?"

आमचं हे असं चाललेलं असताना अक्कांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांच्याकडची बातमीच तशी होती. पडद्यावर जो एक ग्रँडमास्टर दिसत होता, तोच पुढच्या महिन्यात बेंगळुरात येणार होता. इंदिरानगरच्या एका सभागृहात भिंतीकडे तोंड करून बसणार आणि आठ जणांशी पट न बघता खेळणार. त्या आठांपैकी एक खुर्ची आमच्या मंडळाला मिळाली होती.

एक. आणि आम्ही दोघं.

खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीसाठी माझा जीव इतका आसुसला की दोन दिवस मला जेवण गेलं नाही. (बायको म्हणेल, एक वेळचं. बरं, एक वेळचं.) मी त्याच दिवशी घरी परतताना रिक्षावाल्याला, वॉचमनला, नारळपाणीवाल्याला आणि पुण्यातल्या मुलीला फोनवरून सांगून टाकलं, की ग्रँडमास्टर माझ्याशी खेळायला येतोय. नारळपाणीवाल्यानं विचारलं, "मग जिंकणार ना, सार?" मी म्हणालो, "बघू, पाहुणा आहे शेवटी."

आता माघार कशी घेणार? आणि अण्णांनीही काही माघार घेतली नाही. एरवी सगळं "तू घे, तू घे" म्हणणारा माणूस. शेवटची बिस्किटंसुद्धा माझ्याकडे सरकवणारा. पण खुर्चीचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघायचे.

अक्कांनी निकाल दिला. "जो न बघता खेळणाऱ्यासमोर बसणार, त्याला न बघता खेळता आलं पाहिजे. पुढच्या शनिवारी तुम्ही दोघं डोळे बांधून खेळा. पंधरा-पंधरा मिनिटं. जो जिंकेल तो जाईल. सरी?"

"आणि पट?"

"पट कपाटात. कुलूप लावून. तुमच्यातला एकही रुमालाखालून बघितल्याशिवाय राहायचा नाही, मला ठाऊक आहे." हे त्यांनी अण्णांकडे बघून म्हणायला हवं होतं, पण बघितलं माझ्याकडे.

शनिवारी आम्ही समोरासमोर बसलो. मधे रिकामं स्टूल. डोळ्यांवर अक्कांच्या यजमानांचे दोन मफलर, बेंगळुरी थंडीसाठी घेतलेले, एकेक घोंगडीएवढा. वेळ मोजायला माझ्यासाठी स्वयंपाकघरातला टायमर आणि अण्णांसाठी अक्कांचा मोबाइल. चाली आम्ही आमच्या सवयीनं बोलूनच सांगायच्या: राजापुढचं प्यादं दोन घरं, वजिराकडचा उंट बाहेर, असं. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे आल्या, म्हणजे आल्या असं ठरलं.

पहिल्या आठ चाली लोण्यासारख्या गेल्या. पट माझ्या डोक्यात लख्ख उभा होता. आणि नवव्या चालीला अण्णा शांतपणे म्हणाले, "वजिराकडच्या उंटानं तुझा राजाकडचा घोडा मारला."

मी मफलरच्या आत डोळे फाडले. माझ्या डोक्यात तो उंट पटाच्या त्या टोकाला होता आणि माझा घोडा या टोकाला. मधे अख्खं मैदान. एवढी उडी घ्यायची तर उंटाला पंख फुटायला हवेत. पण विचारू कसा? विचारलं की झालं: याला पट आठवत नाही, खुर्ची अण्णांना.

"हं," मी म्हणालो. "मारणार हे मला तीन चाली आधीच दिसलं होतं. प्याद्यानं तुमचा उंट मारला."

मग थोड्या वेळानं मी माझ्या घोड्यानं त्यांचा हत्ती उचलला. माझ्या पटावर तो सरळ समोर उभा होता, वाढून ठेवल्यासारखा. अण्णांच्या मोबाइलवरची मिनिटं सरकत होती.

"कुठला हत्ती म्हणालास?"

"वजिराकडचा. का हो? आठवत नाही का?"

"न आठवायला काय झालं? मीच ठेवला होता तिथं. घे."

तिथून पुढे जे झालं त्याला बुद्धिबळ म्हणणं म्हणजे दंगलीला कवायत म्हणण्यासारखं आहे. त्यांची प्यादी माझ्या हत्तीच्या आरपार जात होती. माझा उंट त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कधीच मेला होता, तरी मी त्याला अजून दोनदा खेळवला, आणि त्यांनी हूं का चूं केलं नाही. दोघंही प्रत्येक वेळी एकच सांगत होतो: अपेक्षित होतं. शेवटी मी छाती फुगवून म्हणालो, "शह. आणि मात."

"कुणाला?" अण्णा म्हणाले. "मात तर मी तुला केलोय. दोन चालींपूर्वी. तू काही बोलेनास म्हणून मी गप्प बसलो, म्हटलं समजू दे सावकाश."

अक्कांनी दोघांचे मफलर ओढून काढले. "एक डाव, दोघं जिंकले? असा कुठला खेळ असतो हो?"

कपाटातून पट आला. अक्कांनी सोंगट्या आमच्यापुढे ओतल्या आणि शेवटची मांडणी दाखवा म्हणाल्या. मी माझी मांडली. अण्णांनी त्यांची सांगितली. दोन्हींतलं एक प्यादंसुद्धा जुळत नव्हतं.

मी हसायला लागलो. अण्णा हसले नाहीत. ते पटाकडे बघत बसले होते, हात मांडीवर.

"माझंच चुकलं असणार," ते हळूच म्हणाले. "हल्ली होतंय तसं. परवा गॅस बंद केला की नाही बघायला मी बस स्टॉपवरून परत गेलो. केला होता. पण आठवेना की. म्हणून म्हटलं होतं, एकदा त्याच्यासमोर बसून बघावं. अजून चालतंय काय हे." त्यांनी बोटानं कपाळावर टकटक केलं. "नको आता. तू जा."

खुर्ची माझी झाली. इतक्या सहज. माझ्या डोक्यात काय होतं हे बघायला कोण येणार होतं? मी उगाच काहीतरी करायचं म्हणून सोंगट्या पुन्हा पहिल्या जागी मांडायला लागलो. आधी पांढऱ्या, मग काळ्या. हत्ती, घोडा, उंट. मग काळा राजा हातात आला, आणि मी तो माझ्या पांढऱ्या राजासमोर ठेवला, मंडळात इतकी वर्षं ठेवतो तसा.

आणि हात तिथंच थांबला. मघाशी, मफलरखाली, तो तिथं नव्हता.

माझ्या वडिलांकडे एक कापडी पट होता. घरं धाग्यानं शिवलेली, काळी-पांढरी नाहीत, सगळी एकाच मळकट रंगाची. त्यांनी मला त्यावर शिकवलं, जुन्या पद्धतीनं, म्हणजे माझ्या राजासमोर समोरच्याचा वजीर. कॉलेजात गेल्यावर मी राजासमोर राजा ठेवायला शिकलो आणि ते जुनं विसरलोही. पण विसरलो होतो डोळे उघडे असताना. डोळे बांधल्यावर डोक्यात जो पट अंथरला गेला तो वडिलांचा होता. त्यावर अण्णांचा राजा आणि वजीर उलटे, म्हणून त्यांचे उंट, घोडे, हत्ती सगळे उलट्या बाजूला. उंटाला पंख फुटले नव्हते. तो बरोबर होता. मी पहिल्या चालीपासून दुसऱ्याच पटावर बसलो होतो.

मी एक मिनिटभर त्या काळ्या राजावर बोट ठेवून बसलो. ते मिनिट माझं काही फार चांगलं गेलं नाही, त्याबद्दल जास्त सांगत नाही. मग म्हणालो, "अण्णा, चूक माझी आहे. माझ्या डोक्यात तुमचा राजा आणि वजीर उलटे होते."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "बघा, सुरू झालं. अण्णांना बरं वाटावं म्हणून नवी गोष्ट. सुमने, गप्प बसा तुम्ही."

"अहो खरं सांगतोय!"

"लेथ पण खरीच होती."

अण्णा म्हणाले, "राहू दे रे. मन चांगलं आहे तुझं. पण मला लहान मुलासारखं समजावू नकोस."

आयुष्यात मी इतकं सरळ खरं बोललो नव्हतो, आणि एक माणूस विश्वास ठेवेल तर शपथ! मी अक्षरशः ओरडलो. अक्कांकडून दुसरा पट मागवला, तो शेजारून आणावा लागला. एका पटावर माझी उलटी मांडणी, दुसऱ्यावर अण्णांची सरळ. "आता पहिल्यापासून चाली म्हणा," मी म्हणालो. "तुमच्या तुम्ही, माझ्या मी. अक्का, दोन्ही पटांवर चालवा."

अण्णांनी नाखुशीनं सुरुवात केली. पहिली, दुसरी. पाचवीला ते पुढे सरकून बसले. आठवीपर्यंत आम्ही दोघंही एकदाही अडलो नाही. नववीला अण्णा म्हणाले, "वजिराकडच्या उंटानं राजाकडचा घोडा," आणि अक्कांचा हात माझ्या पटावर अडकला. तिथून उंट घोड्यापर्यंत पोहोचतच नव्हता. अण्णांच्या पटावर तो घोड्याच्या समोर तिरका उभा होता, अगदी शहाण्यासारखा.

"होय की!" अण्णा म्हणाले. मग परत, मोठ्यांदा, "होय की! माझा उंट बरोबर होता!"

"बरोबर होता."

"आणि मग तू हत्ती मारलास तेव्हा तिथं हत्ती नव्हताच!"

"तुमच्या पटावर नव्हता."

"मग मी 'घे' का म्हणालो?"

"ते तुम्हीच सांगा, अण्णा."

ते इतके हसले की अक्कांनी पाणी आणलं. मग अक्कांनी वहीत खुर्चीपुढे अण्णांचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलता तेव्हा किती कष्ट पडतात हो सगळ्यांना."

पुढच्या महिन्यात, ठरलेल्या रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून इंदिरानगरात तिसऱ्या खुर्चीवर बसले. मी दोरीच्या मागे उभा. ग्रँडमास्टर भिंतीकडे तोंड करून, पाठ आमच्याकडे. हडकुळा पोरगा, पाठीवरूनही कंटाळलेला वाटावा असा. एक माणूस चाली मोठ्यानं सांगायचा आणि तो भिंतीला उत्तर द्यायचा. आठ डाव एकदम. अण्णा एकतिसाव्या चालीला हरले. खेळलेल्या आठांतले सगळेच हरले, पण अण्णांचा डाव सर्वांत शेवटी संपला. हा आकडा मी फुगवलेला नाही. वाटल्यास अक्कांना विचारा. हात मिळवताना ग्रँडमास्टर त्यांना काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते अण्णा सांगत नाहीत, म्हणून मी लोकांना वेगवेगळं सांगतो.

परतताना रिक्षात बसल्या बसल्या अण्णांनी डाव म्हणायला सुरुवात केली. त्याची चाल, आपली चाल, डोळे मिटून, हात गुडघ्यांवर. रस्ता तुंबला होता, रिक्षा मुंगीच्या पावलानं, आणि अण्णा आपले अठरावी, एकोणिसावी. चालक आरशातून पुन्हा पुन्हा बघत होता.

"अण्णा, बाविसाव्या चालीला तुम्ही हत्ती..."

"घोडा," ते डोळे न उघडता म्हणाले. "हत्ती तेविसावीला. तू मधे बोलू नकोस. मला सगळं आठवतंय."

पुढे बनशंकरीपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.