माझ्या लेकीच्या बाई

प्राथमिक शिक्षणाच्या पदवीला मी प्रवेश घेतला तेव्हा माझी लेक अंगणवाडीत जात होती. माझं माहेर तुळजापूरचं. वडील कारकून, घरात शुद्ध बोलण्याचा धाक. लग्न होऊन बेंबळीला आले, चार-पाच वर्षं चुलीपुढं गेली, आणि मग नवऱ्याच्या मागं लागून धाराशिवच्या कॉलेजात नाव घातलं.

तिथं माझ्या शेजारी ढोकीकडची एक मुलगी बसायची. वडील कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. परीक्षा आली की तिचा जीव घाबरा व्हायचा. मग मी डबा खाता खाता तिला एकेक मुद्दा समजावून सांगायचे. लहान मुलांना वाचायला कसं शिकवावं, या विषयात मी वर्गात पहिली आले. ती कशीबशी पास झाली. मला ती फार आवडायची तेव्हा.

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष शाळेत शिकवायचं असतं. आम्हा दोघींना माझ्याच गावची शाळा मिळाली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुमची मुलगी पहिलीत आहे ना? मग तुम्ही चौथी घ्या. पहिली ह्यांच्याकडं देऊ."

म्हणणं बरोबरच होतं. पण लेकीला वाचायला शिकवायचं म्हणून मी घरी किती खटपट केली होती! रंगीत कार्डं कापली, चित्रं चिकटवली. ती पाय आपटायची, "म्या न्हाय वाचत."

"म्या नाही. मी म्हण."

एवढं म्हटलं की ती उठून आजीच्या कुशीत.

आता तीच पोर जेवताना अखंड बोलायला लागली. आमच्या बाई असं म्हणल्या, आमच्या बाईंनी तसं केलं. शाळेतून आली की खांद्यावर टॉवेलचा पदर घ्यायची आणि उशा मांडून त्यांना शिकवायची. आवाज माझ्या मैत्रिणीचाच, हात हलवायची लकबही तिचीच. एकदा मी म्हटलं, "अगं, मीसुद्धा बाईच आहे की शाळेत."

"तू चौथीची," ती म्हणाली. "आणि तू मम्मी हायेस."

नवरा हसला. मला काही हसू आलं नाही.

एकदा मधल्या सुट्टीच्या आधी मी पहिलीच्या दारावरून चालले होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'म्या भाकर खाल्ली.' त्याखाली, 'शेरडू पळालं.' त्याखाली, 'माझी आजी लई हसती.' माझी लेक फळ्यापुढं उभी होती. शेवटच्या ओळीखाली बोट फिरवत, अडखळत तिनं ती ओळ वाचली. वाक्य तिचंच होतं. मग ती बाईंकडं वळली आणि तिनं बाईंच्या कमरेला मिठी मारली.

माझ्या लेकीनं आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं आणि मी दाराबाहेर होते.

सुट्टीत मी मैत्रिणीला गाठलंच. "फळ्यावर असलं अशुद्ध लिहितेस? पाठ बघायला प्राध्यापक येणार आहेत."

"येऊ द्या की, ताई," ती शांतपणे डबा उघडत म्हणाली. "लेकरं बोलत्यात तेच लिवलं. एकदा वाचाय आलं की शुद्ध करून घिऊ. तुम्हीच तर मला हे समजावून सांगितलं होतं, परीक्षेच्या टायमाला."

तिच्या मनात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिनं डब्यातली शेंगाची चटणी माझ्यापुढं सरकवली. मी भूक नाही म्हणून सांगितलं.

प्राध्यापक आले. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले, पाठाची आखणी उत्तम म्हणाले. तिच्या वर्गात मुलांमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसले आणि तास संपला तरी उठेनात.

शेवटच्या दिवशी पहिलीच्या वर्गात रडारड झाली. माझी लेक माझ्या मैत्रिणीचा पदर सोडेचना. तिनंच एकेक बोट सोडवून लेकीला माझ्या कडेवर दिलं. तिचेही डोळे भरले होते. घरी येईपर्यंत पोर माझ्या खांद्यावरून मागं शाळेकडंच बघत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी वाचाय लागली न्हवं? मग कुणामुळं का असंना."

दोन दिवस गेल्यावर मी पाटी घेऊन लेकीजवळ बसले. "आज काय काय केलंस सांग, मी लिहिते."

तिनं संशयानं माझ्याकडं बघितलं. "म्या चिच्चा खाल्ल्या."

'म्या' लिहिताना माझा हात अडला, पण लिहिलं. तिनं ते घडाघडा वाचलं. मग पाटी जरा लांब धरून म्हणाली, "बाईंचं अक्षर गोल हुतं."

पुढं माझ्या मैत्रिणीला माझ्याआधी वर्षभर नोकरी लागली, लातूरकडं. नंतर मलाही लागली, जवळच्याच गावात. मीही आता मुलांचं बोलणं जसंच्या तसं फळ्यावर लिहिते, आणि माझी मुलं वाचतात. लेक मोठ्या वर्गात गेली आहे. सुट्टीच्या दिवशी तिच्या पहिलीच्या बाईंचा फोन येतो, माझ्याच फोनवर. तिची माझी चौकशी दोन मिनिटांत उरकते, "ताई, बऱ्या हायसा न्हवं?" एवढीच. मग लेक फोन घेऊन अंगणात जाते आणि कितीतरी वेळ हसत बोलत राहते. काय बोलतात ते मला सांगत नाही. मी विचारतही नाही. भांडी मात्र जरा जोरात आपटते.