फोटोमागचं घरटं

आमच्यात फोटो भिंतीला सपाट लावत नाहीत. वरून पुढं झुकता ठेवतात, म्हणजे फोटोतलं माणूस घरातल्यांकडं बघतं. बायको गेली तेव्हा तिचाही तसाच लावला. चैतात त्याच्या मागच्या पोकळीत चिमण्यांनी घर केलं.

फोटोला चंदनाच्या पापुद्र्यांचा हार होता. चिमणी एकेक पापुद्रा ओढून आत न्यायची. गारखेड्याच्या त्या तापलेल्या खोलीत मी दुपारी पडून बघत राहायचो. पंखा बंद. पिल्लांच्या दिवसांत बायको पंख्याच्या बटणावर चिंधी बांधायची, चुकून कुणी लावू नये म्हणून. औंदा मी बांधली. पात्याला चिमणी लागली की संपलं. घरट्याला हात लावायचा नाय, खालची घाण ओल्या फडक्यानं पुसायची, मग साबणानं हात धुवायचे, हे सगळं तिचंच. उकाड्यात डोळा लागायचा आन् वाटायचं, फोटोच किलबिलतोय. ती आत काहीतरी सांगतीय. मी झोपेतच हूं हूं करायचो.

मग तिचं वर्षश्राद्ध आलं. पोरगा म्हणाला, "बाबा, फोटो खाली घेतो. पाटावर ठेवावा लागंल."

"नाय घ्यायचा. मागं पिल्लं हायेत."

"अहो, गुरुजी बसलेत!"

"बसू दे."

करमाडहून आलेली मेव्हणी पदरानं वारा घेत होती. "दाजी, माझी बहीण पुजायची का चिमण्या? आन् पंखा तरी लावा, जीव चाललाय."

"या घरातून एक गेली तेवढं बास."

मेव्हणीनंच उठून पाट फोटोखाली सरकवला. गुरुजी म्हणाले, "चालंल. फुलं खालीच वाहा." उदबत्ती मी बाहेर ओट्यावर नेऊन खोचली.

एवढी माणसं बघून चिमणी आत येईना. खिडकीच्या गजावर बसून राहिली, चोचीत अळी. पिल्लं ओरडून ओरडून थकली, मग आवाजच बंद. गुरुजींनीही मंत्र थांबवला. घामानं निथळत सगळे हलायचे थांबले. तेव्हा ती भुर्रकन डोक्यांवरून गेली, फोटोमागं शिरली, आन् आत एकच कालवा झाला.

"व्हय, आली बाई," मेव्हणी म्हणाली आन् रडायला लागली.

पुढं पिल्लं उडून गेली. पोरगा बटणाची चिंधी सोडायला लागला. म्हटलं, राहू दे. दुपारी मी अजून फोटोखाली पडतो, डोळा लागता लागता हूं म्हणतो. आतून काही येत नाय.