नळ आला तेव्हा मी परीक्षेत होते

आज सकाळी माझी स्क्रमची परीक्षा होती. टीमचं दोन-दोन आठवड्यांचं काम आखायचं कसं, त्याची. घरूनच द्यायची, कॅमेऱ्यापुढं. खुर्चीवरून उठलं किंवा बोललं, की परीक्षा रद्द.

आमच्या पुंडलिकनगरात नळ आठ दिवसांनी येतो. नळाची पाळी उद्याची होती, म्हणूनच मी आजची तारीख घेतली होती.

निम्मे प्रश्न झाले आणि शेजारच्या काकूंनी दार बडवलं. "अगं, नळ आलाय! मोटर लाव की! हायेस का घरात?"

घरात मी एकटीच होते. काकू तीनदा हाका मारून गेल्या.

पुढचा प्रश्न होता: काम सुरू असताना परिस्थिती बदलली तर टीमनं काय करावं? 'लगेच योजना बदलावी' हे उत्तर निवडलं आणि तशीच बसून राहिले.

पास झाले. ऑफिसच्या ग्रुपवर अभिनंदन चाललंय. मला काहीच वाटत नाहीये.

उठले तोवर नळ गेला होता. टाकीत तळाशी गाळ आहे. आता स्वयंपाकाला पाणी मागायला काकूंकडंच जायचंय.

काय सांगू त्यांना? घरातच होते म्हणून?